दादा, तुझी पट्टी लागली

दादा, तुझी पट्टी लागली. काल, तुझ्या दहाव्याला, गोदाकाठच्या पटांगणात, भर उन्हात, निम्म्या पंचवटीसमोर. आणि आवाजासकट लागली.

हे ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. "शके, अगं पट्टीला आवाज नसतो," असं म्हणाला असतास. नसतो, माहीत आहे मला. तो नियम तुझा, आणि तो मी जाणूनबुजून मोडला. तू असतास तर मोडू दिला नसतास. तू नाहीस म्हणून मोडला. तुझ्या जाण्यानं मला एवढी एकच मोकळीक मिळाली, आणि ती मी पुरेपूर वापरली.

गेलेल्या माणसाशी बोलताना मन शांत ठेवावं म्हणतात. माझं मन शांत नाही. तू गेल्यापासून मी वहिनीच्या गळ्यात पडून रडते, आणि मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारताना पम्याच्या नावानं शिव्या देते. रडणं तुझ्यासाठी आणि शिव्याही तुझ्यासाठीच. खरं म्हणजे पट्टीच्या आधी रडण्याचं सांगायला हवं होतं, पण मी लहानपणापासून उलट्या डोक्याची, आणि त्यात तूच मला चढवून ठेवलेलं.

तुझी पट्टी म्हणजे काय होतं, हे आताच्या पोरांना सांगून समजत नाही. टीव्हीवर यायचं म्हणजे मुंबई-दिल्लीच्या चॅनलवर, असं त्यांना वाटतं. आपलं चॅनल आपल्या घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून निघायचं. वर डिश, आत दोन व्हीसीआर आणि एक पंखा. पंखा तुझ्यासाठी नव्हता, मशीन तापू नयेत म्हणून होता. तिथून काळी वायर गच्चीगच्चीवरून, औदुंबराच्या फांदीवरून, कुणाच्या न्हाणीघराच्या खिडकीवरून सगळ्या पंचवटीत पसरलेली. बॉक्स नाही, कार्ड नाही. वायर टीव्हीच्या पाठीत खोचली की तू त्या घरात. सकाळी रामाची आरती, संध्याकाळी आपल्या बातम्या, रविवारी दुपारी कुणाच्या तरी फर्माइशीचा सिनेमा. आणि गल्लीत कुणी गेलं की पट्टी.

बाकीच्या केबलवाल्यांची पट्टी म्हणजे खालून सरकणारी अक्षरं. अमुक यांचे दुःखद निधन, अंत्ययात्रा तमुक वाजता. तुझं तसं नव्हतं. फोन आला की तू कॅसेटींच्या रॅकपुढे मांडी घालून बसायचास. पंचवटीतलं लग्न, गणपती, रामाचा रथ, सगळं तूच शूट केलेलं. त्यात तू गेलेलं माणूस शोधायचास, आणि तेही हसताना. पासपोर्ट फोटोवर तुझा भारी राग. "त्यात जिवंत माणूससुद्धा मेल्यासारखा दिसतो," म्हणायचास. मग दहाएक सेकंद ते माणूस टीव्हीवर यायचं. पंगतीत वाढायचं, रथाचा दोर ओढायचं, नातवाच्या टोपीचा गोंडा सरळ करायचं. खाली नाव, मागे वीणा, आणि त्याचा स्वतःचा आवाज बंद. ज्या घरात रडारड चाललेली असायची तिथली माणसं रडता रडता थांबून बघायची, आणि शेजारपाजारचेही आपापल्या घरात तेच बघत असायचे. एका पैशाला हात लावला नाहीस कधी.

आवाज बंद ठेवण्यामागे ती म्हातारी होती. सुरुवातीला तू आवाज ठेवायचास. मग त्या फुलवाल्या म्हातारीची पट्टी लागली. कॅसेटीत ती हसत हसत सुनेला "कामचोर मेली" म्हणाली होती, आणि ते तुझ्या लक्षात आलं नाही. दिवसभर घरोघरी म्हातारी गेल्याचं दुःख आणि वर "कामचोर मेली". सून सुतक सोडून माहेरी निघून गेली. तू स्वतः जाऊन तिची माफी मागितलीस, तिला परत आणलंस, आणि नियम केलास, की मेलेल्याच्या तोंडून कुणाचा अपमान होऊ द्यायचा नाही. तेव्हापासून आवाज बंद. चांगला नियम होता, दादा. मी नाही म्हणत नाही.

आणि तुझे उपकार विसरून मी बोलत नाहीये. मी कोण होते? भल्या पहाटे अप्पांबरोबर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजारात बसणारी पोर. बातम्या वाचायला कुणी मिळेना तेव्हा तू म्हणालास, "हिचा आवाज बाजाराच्या या टोकाला दिला तर त्या टोकाला ऐकू जातो, हीच वाचेल." अप्पा भडकले. पोरगी टीव्हीवर दिसली तर लग्न कोण करेल म्हणाले. तू म्हणालास, "दिसली तरच कुणीतरी करेल." आईची जांभळी चादर मागे लावून मी पहिली बातमी वाचली. धरणातून पाणी सोडलं होतं आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजारात बायकांनी मला घेरलं. त्यानंतर अप्पांची मेथी आधी संपायला लागली, आणि अप्पांचा विरोधही. घोटीला, भाताच्या गिरणीवाल्यांकडे माझं लग्न झालं तेसुद्धा माझ्या सासऱ्यांनी पंचवटीत पाहुणे असताना मला बातम्या वाचताना बघितलं म्हणून. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं त्याची वायर तुझ्या खोलीपर्यंत जाते.

आता पम्याचं.

पम्या, म्हणजे प्रमोद, तुझा मित्र. त्याला तू शिडी धरायला घेतलंस, मग वायर जोडायला शिकवलंस, मग अर्धी वसुली सोपवलीस, आणि मग त्याला मित्र म्हणायला लागलास. आई त्याला तुझ्या ताटातली भाकरी मोडून द्यायची. सरकारचा हुकूम आला, की जुनी वायर बंद, आता सगळं डिजिटल, घरोघरी सेट टॉप बॉक्स बसलेच पाहिजेत. तेव्हा तुम्ही केबलवाले हादरलात. डिजिटलची मशीन एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नव्हती. पंचवटीतल्या सगळ्यांनी मिळून एक मशीन बसवायची असं ठरलं, आणि चौकशीला मुंबईला पाठवलं पम्याला, कारण त्याला इंग्रजी फाडता यायचं. पम्या परत आला तो एका बड्या कंपनीची एजन्सी स्वतःच्या नावावर घेऊन. म्हणाला, "रमेशभाऊ, आपण कुठं त्या मशीनच्या फंदात पडायचं? कंपनीचा बॉक्स घेऊ. चॅनल तुमचंच राहील, बॉक्सवर पहिला नंबर देतो." बाकीच्यांनी त्याला शिव्या घातल्या. तू विश्वास ठेवलास.

तू नुसता विश्वास ठेवून थांबला असतास तरी चाललं असतं. लोक बॉक्स घ्यायला तयार नव्हते. ही लुबाडणूक आहे, पैसे घेऊन पळतील, म्हणत होते. तेव्हा तू पम्याला आपल्याच चॅनलवर बोलावलंस. त्याला शेजारी बसवून तू पंचवटीला सांगितलंस, की घाबरू नका, बॉक्स घ्या, हा आपला माणूस आहे. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभा राहणारा तू, त्या दिवशी पहिल्यांदा पुढे बसलास, आणि कॅमेरा माझ्या हातात दिलास. मी त्यासाठी घोटीहून आले होते. लोकांनी तुझ्या तोंडाकडे बघून बॉक्स घेतले. पम्याच्या कंपनीचं तोंड कुणी पाहिलं होतं?

मग ती सकाळ आली. ज्यांनी बॉक्स घेतले नव्हते त्यांच्या टीव्हीवर मुंग्या. ज्यांनी घेतले होते त्यांच्या टीव्हीवर झकास चित्र, शेकड्यानं चॅनल, आणि आपलं चॅनल कुठेच नाही. तू रिमोट घेऊन पहिल्या नंबरपासून शेवटच्या नंबरपर्यंत गेलास, आणि मग परत पहिल्यापासून. वहिनी सांगते, तेव्हा जेवायलाही उठला नाहीस. पम्या म्हणाला, कंपनीचं धोरण आहे, वरून येतं, माझ्या हातात काही नाही. थोड्या दिवसांनी बॉक्सवर कंपनीचं स्थानिक चॅनल सुरू झालं, आणि त्यावर पहिला दिसला तो पम्या, सत्काराच्या शालीत.

मी तेव्हाच म्हणाले होते, त्याच्या द्वारका चौकातल्या ऑफिसात जाऊ. त्या काचेच्या दारातून आत शिरून चारचौघांत त्याची इज्जत काढू. तू म्हणालास, "जाऊ दे गं. चॅनल गेलं, माणूस कशाला घालवायचा?" या वाक्यावर आपण किती भांडलो, दादा! मी म्हणायचे, माणूस कधीच गेलाय, तुला दिसत नाही. तू म्हणायचास, तुला शेवट करायची घाई फार. दिवाळीला भांडलो, अप्पांच्या वर्षश्राद्धाला भांडलो, माझ्या मुलीच्या बारशाला तू आलास तेव्हा पाळण्याची दोरी हातात धरून भांडलो. भांडण संपलं नाहीच. उत्तर द्यायची पाळी तुझी होती, आणि तू निघून गेलास.

पोटासाठी तू त्याच पम्याच्या हाताखाली लागलास. आपणच टाकलेल्या लाइनीवर त्याची वसुली करत हिंडलास. मला घोटीला कळलं तेव्हा मी पाखडायला घेतलेलं तांदळाचं सूप भिंतीवर फेकलं. पण तू पट्टी सोडली नाहीस. चॅनल नव्हतं, तरी कुणी गेलं की तू कॅसेट शोधायचास, रफिककडून पेनड्राइव्हवर घ्यायचास आणि त्या घरी नेऊन त्यांच्या टीव्हीला लावून यायचास. रफिक तुझा जुना लाइनमन. पम्यानं बोलावलं तरी तो गेला नाही. त्या घरातली माणसं बघायची. शेजारी मात्र मालिका चालू असायची.

मग पम्याचे वडील गेले. पम्या आपल्या दारात आला. अख्खं चॅनल त्याच्या हातात, पण बापाचं हसणारं तोंड त्याच्याकडे नव्हतं. ते तुझ्या रॅकवर होतं. मी माहेरी आलेले होते. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आता कंपनीचं धोरण विचारून ये." तू मला हाताला धरून बाजूला केलंस. दिवसभर बसून तू तो म्हातारा शोधलास, रथाचा दोर खांद्यावर घेतलेला, पागोटं डोळ्यावर आलेलं, हसणारा. आवाज बंद करून दिलास. वर म्हणालास, "मेलेल्याशी कसलं वैर?" मी त्या दिवशी न जेवता घोटीची गाडी पकडली. वैर मेलेल्याशी नव्हतंच, दादा. जिवंताशी होतं.

आणि आता तू गेलास.

निरोप आला तेव्हा मी गिरणीत होते. कसं गेलास, काय झालं, ते नको इथे. ते सगळे विचारतात आणि वहिनी सगळ्यांना पहिल्यापासून सांगते, मला ऐकवत नाही. मी पंचवटीत शिरले तर मालेगाव स्टँडच्या चौकात फ्लेक्स. त्यावर पम्या, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, माणसाएवढा. कोपऱ्यात तू, ओळखपत्रावरचा फोटो, तिकिटाएवढा. आणि खाली: आमच्या परिवाराचे जुने कर्मचारी कै. रमेश यांना भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्या चॅनलवरही तेच फिरत होतं.

कर्मचारी! मी रिक्षा थांबवून उतरले आणि फ्लेक्सच्या खाली उभी राहिले. मला रडू आलं नाही. पहिल्यांदा तुझा चेहरासुद्धा आठवला नाही, नुसतं पम्याचं थोबाड दिसत होतं. यासाठी मी त्याला कधी माफ करणार नाही. तुझ्या मयतीला येताना मी तुझा विचार करत यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला. वहिनीसमोर बसला, डोळे पुसले, चहा नको म्हणाला आणि प्यायला. "वहिनी, काही लागलं तर हक्कानं सांगा." उठताना हळूच म्हणाला, "त्या जुन्या कॅसेटी आहेत ना वर? सिंहस्थ आलाय. कंपनीला जुन्या पंचवटीचं काही दाखवायचंय. मी माणूस पाठवतो, गाडी घेऊन येईल. तुमची अडगळ जाईल."

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, देऊन टाका. लय धूळ धरलीय त्याच्यावर. मला नाय आता वर चढवत."

"वहिनी, त्या कॅसेटींत सगळी पंचवटी हाय," मी म्हणाले. माझ्या तोंडून तिचीच भाषा निघाली.

"असंल. पन ते कुठं हायेत त्याच्यात? तुमचे दादा?"

तिनं सहज विचारलं. मला मात्र तिथेच कळलं, मला काय करायचंय ते. साऱ्या गल्लीला तू पट्टी दिलीस आणि तुझी पट्टी म्हणून पम्याचा तो फ्लेक्स राहणार. दहाव्यापर्यंत खरी पट्टी लागली नाही, तर पंचवटीच्या डोक्यात तू कायमचा पम्याचा कर्मचारी. नवी पोरं तर तुला कर्मचारीच समजतात.

रफिकला बोलावलं. आम्ही दोघं वर बसलो, कॅसेटीमागून कॅसेटी बघितल्या. सगळ्यांत तुझा आवाज. "हं, मामा, इकडे बघा." "नवरीला जरा उजेडात घ्या." सगळ्यांचे हात आहेत, तोंडं आहेत, तू नाहीस. शेवटी रफिक म्हणाला, "ताई, एक कैसेट है. बॉक्सवाली. पण ती बघू नका, तुमचं डोकं फिरेल."

मी बघितली. तू आहेस तिच्यात. निळा शर्ट, वहिनीनं इस्त्री करून दिलेला, केस चपचपीत. इतकं खूश मी तुला माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. तू विचारतोस, "प्रमोद, लोक विचारतायत, बॉक्स बसवला तर आपलं चॅनल दिसेल ना?" आणि पम्या हसून तुझ्या हातावर हात मारतो, "रमेशभाऊ, हे चॅनल तुमचं, मी तुमच्याच हाताखाली तयार झालोय. चॅनल दिसलं नाही तर या पम्यानं पंचवटीत परत तोंड दाखवायचं नाही. शब्द आहे!" आणि तू हसतोस. मान मागे टाकून, सगळे दात दाखवून हसतोस.

तुझं जिवंत, हलतं, हसतं असं तेवढंच आहे, दादा. तुझ्या गळ्यावर सुरी फिरत होती तेव्हाचं.

रफिक म्हणाला, "आवाज बंद करून लावू. भाऊ असते तर तसंच केलं असतं."

मी म्हणाले, "भाऊ असते तर."

काल तुझं सगळं नीट झालं. पिंडाला कावळा लगेच शिवला. बाया म्हणाल्या, बघा, रमेशची काही इच्छा राहिली नव्हती. तुझी नव्हतीच. माझी होती. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. निवडणुकीत फिरते ती पडद्याची गाडी रफिकनं आधीच पटांगणात आणून लावली होती. लोकांना वाटलं, कुणा पुढाऱ्याची असेल. पम्या उठला, माइक घेतला. "रमेशभाऊ म्हणजे आमच्या संस्थेचा सच्चा सेवक. मी त्यांना कधी नोकर मानलं नाही. डिजिटलच्या काळात त्यांचं कसं होणार म्हणून मी त्यांना सांभाळून घेतलं." सांभाळून घेतलं म्हणाला, दादा. मी त्याला पुरतं बोलू दिलं. टाळ्या नसतात अशा ठिकाणी, नाहीतर त्यानं त्याही घेतल्या असत्या.

मग मी माइक मागितला. बातम्या सोडून जमाना झाला, पण आवाज अजून बाजाराच्या त्या टोकाला जातो. मी म्हणाले, "नमस्कार. आपल्या चॅनलवरून मी शकुंतला. रमेशदादाचं दुःखद निधन झालं आहे. त्यानं तुमच्या घरातल्या सगळ्यांची पट्टी लावली. आता त्याची बघा."

पडद्यावर तू आलास. निळा शर्ट. माणसं एकदम उठून उभी राहिली. वहिनीनं पदर तोंडात कोंबला आणि तुझ्याकडे टक लावून बघत राहिली, तिचं रडणं थांबलं. ते तेवढं मी तुझ्यासाठी केलं, बाकी माझ्यासाठी. कारण मग पम्याचा आवाज आला, स्पीकरमधून, नदीच्या त्या काठापर्यंत. "मी तुमच्याच हाताखाली तयार झालोय. चॅनल दिसलं नाही तर या पम्यानं पंचवटीत परत तोंड दाखवायचं नाही. शब्द आहे!"

आणि तुझं हसू. रफिकनं परत लावलं. मग परत. मी त्याला सांगितलंच होतं, की पट्टी एकदा लावून थांबत नाहीत.

आपल्या शेजारी भाजीला बसायची ती यमुनाकाकू आठवते? आता पार वाकलीय. तीच बोलली, सगळ्यांत आधी. "अरं पम्या, मंग आता त्वांड कुठं ठेवतू? त्या चौकात तर येवढं मोठं लावलंय!" कुणीतरी हसलं, आणि दहाव्याला हसू नये हे लोक विसरले. पम्या खाली बघत उभा. त्याच्या बाजूचे पांढरे कपडे एकेक करून सरकले. मला इतकं बरं वाटलं, दादा, की तुला सांगायला लाज वाटत नाही. संध्याकाळपर्यंत चौकातला फ्लेक्स उतरला होता. कुणी उतरवला ते मी विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर तो गाडीजवळ आला. एकटाच. "ताई, झालं ते झालं. ती कॅसेट मला दे."

"ती दादाची पट्टी आहे. कशी देऊ?"

"माझी पोरं आहेत गं. ती बघतील. तुला काय पाहिजे ते बोल."

"काही नको," मी म्हणाले. "आणि घाबरू नको. आमच्याकडे सगळ्यांची पट्टी लागते, मित्र असो की वैरी, दादाचा नियम आहे. तुझ्या वडिलांची लागली. तुझी वेळ आली की तुझीही लागेल. मी काढूनच ठेवलीय. छान हसतोयस त्यात."

त्याला कळलं कुठली ते. कुणी ऐकत नाही ना, ते त्यानं बघितलं. मग विचारलं, "आणि आवाज?"

"आवाज राहील," मी म्हणाले.

तू म्हणशील, शके, हे जास्त झालं. झालं असेल. तुझं चॅनल गेलं त्या दिवशी जे झालं तेही जास्तच होतं, आणि ते तू एकट्यानं गिळलंस. मला गिळता येत नाही. कॅसेटी मी घोटीला नेते आहे, गिरणीच्या माळ्यावर कोरडी जागा आहे. रफिक महिन्यातून एकदा येऊन फिरवून जाईल म्हणतो, बुरशी लागायला नको. पंचवटीत कुणी गेलं तर मला कळवा असं मी काल सगळ्यांना सांगितलंय.

हे लिहितेय ते तुझ्याच पत्र्याच्या खोलीत बसून. पंखा लावलाय, मशीनसाठी. समोरच्या टीव्हीवर तू आहेस. आज सकाळपासून तुझ्या नियमानं बघतेय, आवाज बंद करून. तसा तू फार छान दिसतोस. पण आवाज नसला की पम्याही चांगला दिसतो, दादा. दोन मित्र हातावर हात मारून हसतायत, एवढंच दिसतं. दोनचारदा बघितलं की मलाच वाटायला लागतं, जाऊ दे, कशाला माणूस घालवायचा. आणि हे तुझ्याच आवाजात वाटतं.

वहिनी खालून म्हणतेय, ताई, जेवायला या. येते म्हणाले. आधी आवाज वाढवला.